कारभाऱ्याची साखर

बोक्याच्या मुतावर मुंग्यांची रांग लागली तेव्हाच भागिरथानं रोग ओळखला. बारा वर्षं ती स्वतःच्या पोटाला इन्सुलिन टोचत होती. तिला कोण शिकवणार? गुरांच्या डॉक्टरनं आधी हसून घेतलं, मग रक्त तपासलं आणि हसू गिळलं. सकाळ-संध्याकाळ तीन युनिट. आधी खाणं, मग सुई. आणि बजावून सांगितलं, साखर फार उतरली तर बोका तासाभरात मरेल.

रिठदमध्ये गल्लीला आयतीच करमणूक झाली.

"मांजराले इन्सुलिन? उद्या कोंबडीले चष्मा लावजो, मावशी!" शेजारचा धनराज म्हणाला.

"पह्यले तुया डोक्याले काई लावता येते का ते पाह्यतो."

बोक्याचं नाव कारभारी. मानेमागची कातडी चिमटीत धरून सुई दिली तरी हूं नाही की चूं नाही. कानाच्या कडेला टोचून थेंब काढायचा, आपल्याच मशीनवर लावायचा, हेही भागिरथाला जमलं. पण आकडा ताळ्यावर येईना. आज दोनशे, उद्या चारशेच्या वर. डॉक्टर फोनवर म्हणाला, "चार युनिट करा."

भागिरथा अडून बसली. उकडलेलं अंडं आणि मासळी सोडून ती त्याला काही देत नव्हती. मग ही साखर येते कुठून? प्रश्न खरजेसारखा अंगाला चिकटला.

"चार देल्ले, अन् एखांद्या दिवशी याले बाहीरचं खानं भेटलंच नाई, त? मरून पडन ना!" ती लेकाला, प्रसेनजितला म्हणाली.

"मंग बांधून ठेव."

"बोका हाये तो, बैल नाई."

दुसऱ्या दिवशी सुई देऊन झाल्यावर मशीन पिशवीत टाकून ती त्याच्या मागेच निघाली. तो टिनाच्या छपरांवरून, ती गल्लीतून. कारभारी रमतगमत गेला आणि थेट नानाजींच्या ओसरीवर उतरला. गावातले मोठे शेतकरी, वय ऐंशी. सून वर्षाराणी ताकदीची गोड पावडर घातलेलं दूध ठेवून आत गेली. नानाजींनी इकडेतिकडे पाहिलं आणि अख्खा गिलास बशीत ओतला. बशी कारभाऱ्यापुढे सरकवली.

भागिरथा अंगणात थिजली. तीस वर्षं ती या घरच्या शेतात निंदणीला येत होती. तिचा चहाचा कप अजून वेगळा, कोनाड्यात पालथा. आणि तिचा बोका मालकाच्या बशीत तोंड घालून! मांजरानं विटाळ होत नाही, माणसानं होतो. कोणत्या गाढवानं ठरवलं हे?

ती तरातरा ओसरी चढली. तीस वर्षांत पहिल्यांदा.

"नानाजी, काय पाजून राह्यले त्याले?"

"हळू बोल ना बाई! सून आयकन."

"आयकू द्या. शुगर हाये त्याले. तुमची पावडर त्याले मारून राह्यली."

"मांजराले शुगर?" नानाजी खाटेवरून पुढे वाकले. "दाखव बरं."

तिनं पिशवीतून मशीन काढलं, कान टोचला. चारशे बारा.

नानाजींनी आकडा वाचला. "मले वाटे, मायासाठी येते."

"दुधासाठी येते."

"मंग आता ते दूध मी कुठं ओतू?"

"सुनेले सांगा, आवडत नाई म्हून. एवढी जमीन हाये, एवढी हिंमत नाई?"

हिंमत झाली की नाही कोण जाणे, पण बशी बंद झाली. चौथ्या दिवशी सकाळी भागिरथानं सवयीनं तीन युनिट भरून ठेवले आणि मग कान टोचला. शहाऐंशी. तिनं मशीन पुसलं, पुन्हा टोचला. अठ्ठ्याऐंशी. भरलेली सुई बाजूला ठेवून तिनं डॉक्टरला फोन लावला, आकडा सांगितला आणि बंद झालेलं बाहेरचं दूधही.

"देऊ नका!" डॉक्टर ओरडलाच. "खाऊ घाला, दुपारी परत आकडा सांगा. आता एका युनिटवर यावं लागेल बहुतेक."

"अन् चार देल्ले असते त?"

तो चाचरत म्हणाला, "बाई, हा बाहेर काय खातो ते तुम्हाला कळलं कसं?"

"त्याच्या मांगं गेली, साहेब," भागिरथा म्हणाली आणि अंड्याचं कवच सोलायला बसली.