लांबच्या वाटेने आलेला शब्द

मित्रांनो, मी एक जुना मेंदू आहे. गुहागरजवळच्या वाडीत राहणाऱ्या कमलाबाईंच्या डोक्यात माझा मुक्काम. वजनाला सव्वा-दीड किलो, पण सगळी उठाठेव माझ्याकडेच.

कमलाबाई अंगणवाडीच्या बाई. मुलांकडून एकच गाणे पुन्हापुन्हा म्हणून घ्यायच्या. सड्यावरच्या उघड्या माळात माणसे रोज चालली की पायवाट पडते ना, तशाच माझ्यातही वाटा पडत गेल्या. बाईंच्या तल्लख डोक्याचे सगळे कौतुक करत. मला ते आवडायचे.

गेल्या उन्हाळ्यात रक्ताची गुठळी अडकली आणि माझ्या डाव्या बाजूची शब्दांची वाट ढासळली. समज मात्र शाबूत होती, म्हणून तगमग जास्त. नात राहीला हाक मारायला जावे, तर तोंडातून 'वाटी' निघे. पोर आधी खरेच वाटी आणून देई. मग रुसली. "आजीला माझा नावपन नको," म्हणाली आणि जवळ येईना. कमलाबाई रडल्या. लोक म्हणाले, बाईंना वेड लागले. मला फार लागले ते.

मुलगा राकेश लोटे गावच्या कारखान्यात पाळीवर जाई. तो आईला बोलूच देत नसे. "आये, पानी हवा ना? गप ऱ्हव, मी देतो." माया होती हो, पण वापर नसलेली वाट गवतात जाते.

एका संध्याकाळी सून करुणाने बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावली आणि वंदना सुरू केली. कमलाबाईंनीही सूर धरला. अख्खी वंदना, एक शब्द न चुकता. राकेश बघतच राहिला. त्यात जादू नव्हती. चाल सांभाळण्यात माझ्या उजव्या बाजूचा मोठा हात असतो, आणि ती बाजू धड होती.

करुणाने हे हेरले. "आई, राहीचा नाव ह्याच चालीवर घ्या बघू."

कमलाबाई चटईवर बोटांनी ठेका धरू लागल्या. राकेशच्या ओठांवर 'रा' आलाच होता. करुणाने त्याचा हात दाबला. "थांबा जरा. त्यांचा शब्द त्यांना आनू दे."

राही पडवीतून डोकावली. "वाटी आनू?"

कमलाबाईंनी मान हलवून नाही म्हटले. मी आत चाचपडत होतो.

"राऽऽही," त्या गायल्या.

पोर धावत येऊन मांडीत बसली.

मित्रांनो, घरात कुणाचा शब्द अडला, तर तो घाईने पुरवू नका. थोडे थांबा. आम्ही निघालेलो असतो, फक्त वाट लांबची असते.