दारामागची निळी बॅग

महापालिकेच्या मच्छरवाल्याने पाण्याच्या टाकीत टॉर्च मारून बघितली, तुळशीच्या कुंडीखालची ताटली उलटी केली आणि खिशातून खडू काढत विचारलं,

"माजी, घरमां केटला जण?"

कोबी चिरणारी आपो मान वर न करता म्हणाली, "बे."

काउंटरवर पार्सलच्या पिशव्यांना गाठी मारणाऱ्या सोनालीचे हात तिथेच थांबले. बे म्हणजे दोन. घरात आपो, आपोचा मुलगा हेन्री, हेन्रीची बायको म्हणजे सोनाली स्वतः, आणि वर माडीवर अभ्यासाचं नाटक करत बसलेली त्यांची प्रियांका. ही बेरीज पहिलीतल्या पोरालाही आली असती. मच्छरवाल्याने दाराच्या चौकटीवर तारीख घातली, तिच्याखाली दोनचा आकडा काढला आणि तो पुढच्या घरी गेला.

आपोचं गणित काही कच्चं नव्हतं. फोनवर एकापाठोपाठ एक कितीही ऑर्डरी येवोत, कोणाला लसूण नको आणि कोणाला तिखट जास्त हे तिला सगळं तोंडपाठ असायचं. म्हणजे ही चूक नव्हती. मुद्दाम सांगितलं होतं. सोनालीच्या मनात ते 'बे' कुसळासारखं रुतून बसलं.

आपोचा नवरा ल्यू कलकत्त्याहून सुरतेच्या या उधन्यात आला आणि त्याने हे पार्सलचं दुकान टाकलं, तेव्हा इथे चायनीज कशाशी खातात हे कोणाला ठाऊक नव्हतं. तो गेला आणि कढई हेन्रीच्या हातात आली. आता दर नाक्यावर चायनीजची लारी, म्हणजे हातगाडी, होती. कोपऱ्यावरच्या दगाच्या लारीवर तर लाल ड्रॅगन जीभ काढून उभा होता, आणि दगा होता शिरपूरचा. अख्ख्या उधन्यात एकच दुकान खऱ्याखुऱ्या चिनी घरातलं, आणि त्याच्याच पाटीवर आता 'चायनीज' हा शब्द नव्हता. चीनच्या सीमेवर मारामारी झाली त्या वर्षी कोणीतरी पाटीला काळं फासून गेलं. हेन्रीने गुपचूप नवी पाटी रंगवून घेतली, 'गोल्डन फास्ट फूड'. दगाच्या ड्रॅगनला मात्र कोणी बोटसुद्धा लावलं नाही.

सोनाली शेजारच्या पांडेसऱ्याची, घर मूळचं खानदेशी. वडील सुकलाल बोरसे डाइंग मिलमध्ये. ती या दुकानात फोन उचलायला म्हणून आली आणि हेन्रीच्या प्रेमात पडली. वडिलांनी आकाशपाताळ एक केलं. आपोने मात्र नावालाही कुरकुर केली नाही. मामा-काका किती, सगळे इथेच राहतात का, एवढंच विचारलं आणि हो म्हणाली. किती भली बाई, असं सोनालीला तेव्हा वाटलं होतं.

ते वाटणं पुढे टिकलं नाही. प्रियांका झाली तेव्हा आपोने दुपटं बाजूला सारून बाळाचा चेहरा निरखला आणि म्हणाली, "तुझ्यावर गेली. चांगलं झालं." नातीला पहिल्यांदा बघून कोण असं बोलतं? शाळेत नाव घालायच्या वेळी तर हद्दच झाली. "ल्यू नको. बोरसे लाव." हेन्रीनेही फॉर्मवर तेच लिहिलं. आपल्याच रक्ताच्या पोरीला आपलं नाव द्यायला ही म्हातारी तयार नव्हती.

आणि ती बॅग. स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला टांगलेली निळी रेक्झिनची बॅग. वर्षातून एकदा, त्यांचं नवं वर्ष आलं की, आपो ती एकटीच गच्चीवर घेऊन जायची आणि ऊन दाखवून पुन्हा खिळ्याला लावायची. हेन्रीला विचारलं तर त्याचं उत्तर ठरलेलं, "आपोची आहे. हात लावू नको."

त्या दिवशी सोनालीने आईला फोन करून 'बे'ची गोष्ट सांगितली. सुंदराबाईंना तेवढंच पुरे होतं.

"तिनी बॅगमा काय शे, देखं का तू कधी?"

"नही व माय."

"इतला वरीस व्हयनात अन् तुले माहीत नही? तिनी पोर कॅनडामा शे ना? मायलेकं निंघी जातीन एक दिन, अन् तू बशी ऱ्हाशी कोबी चिरत."

आईच्या जिभेला हाड नाही हे सोनालीला माहीत होतं. तरी कॅनडाचं नाव डोक्यातून जाईना. हेन्रीची बहीण विनी टोरांटोला होती आणि दर रविवारी फोनवर त्यांच्या भाषेत तासन्तास बोलणं चालायचं. त्यातलं सोनालीला ओ की ठो कळत नसे.

दुसऱ्या दिवशी दुपारी हेन्री बाजारात गेला, आपो प्रियांकाला आणायला शाळेत गेली. सोनालीने शटर अर्धं ओढलं, बॅग खिळ्यावरून काढली आणि भाजी चिरायच्या टेबलावर ठेवून चेन उघडली.

वरच स्वेटर होते. जाडजूड, लोकरीचे. एक आपोच्या मापाचा, एक हेन्रीच्या. सुरतेत स्वेटर! जिथे थंडीतही पंखा बंद करायला कोणी तयार नसतं, तिथे! बर्फाच्या देशातच जायचं असणार. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आईचं खरंच होतं तर. हेन्रीला सगळं ठाऊक होतं आणि रोज रात्री तो तिच्याच शेजारी झोपत होता.

तिने रागारागाने स्वेटर बाजूला भिरकावले. खाली ॲल्युमिनियमचं एक भगोनं निघालं. दोन ताटल्या, काडेपेटी, मेणबत्त्या, मिठाची पुडी, साबणाची वडी.

सोनाली भगोन्याकडे बघत राहिली. कॅनडाला कोण भगोनं घेऊन जातं?

शटरखालून आपो वाकून आत आली. टेबलाकडे तिची नजर गेली. तिने प्रियांकाला माडीवर पाठवलं आणि स्टूल ओढून बसली.

"कुठे निघालात?" सोनालीचा आवाज चढला. "विनीताईकडे?"

"विनीकडे भगोना कशाला?" आपो म्हणाली. तिची मराठी उधन्याच्या भाजीबाजारातली, हिंदीत बुडवून काढलेली.

"मग हे काय आहे?"

आपोने पदराने भगोन्यावरची धूळ पुसली. लग्नानंतर तिने साडी धरली होती, ती आजतागायत.

"मी प्रियांकाएवढी होती. आम्ही आसामात. बासष्टची लढाई. पोलीस आला. बोलला, चला, थोडे दिवस. चुलीवर भात होता, तसाच ठेवला. थोडे दिवस नाही, सालोंसाल. रेल्वेने राजस्थान. कॅम्प. तिथे रात्री एवढी थंडी, आणि माझ्या अंगावर एक फ्रॉक."

"पण तुम्ही तर इथलेच ना?"

"नाव बघितलं. तोंड बघितलं. झालं."

माडीवरून प्रियांकाच्या कविता घोकण्याचा आवाज येत होता.

"वापस आलो तर दुकानात दुसराच माणूस. आमच्याच चुलीवर त्याची हंडी. शेजारच्या काकाची बायको आसामी होती, तिला नाही नेलं. काका वापस आला तेव्हा तिने दार उघडलं. आमचं दार उघडायला कोणी नव्हतं."

सोनालीने दोन स्वेटरांकडे बघितलं. बे. नेले तर जाणारे दोघंच. मामा-काका किती, सगळे इथेच राहतात का? तुझ्यावर गेली, चांगलं झालं. बोरसे लाव. इतकी वर्षं मनात एकेक करून जपलेले सगळे राग तिला एकदम परके वाटायला लागले, आणि त्यांच्या जागी दुसराच राग उभा राहिला.

"म्हणजे मला दार उघडायला आणलं?"

"हो," आपो म्हणाली. लपवाछपवी काही नाही. "तू आणि पोरगी राहणार. दुकान राहणार. हेन्री वापस येणार तेव्हा भात गरम पाहिजे."

"आता कोण नेतंय, आपो? कुठल्या जमान्यातलं बोलताय?"

"मग पाटी का बदलली?"

आपोने स्वेटरांच्या घड्या घातल्या, भगोनं तळाशी नीट बसवलं आणि बॅग परत दारामागे टांगली.

संध्याकाळी कढई तापली. हेन्री आपला नेहमीसारखा घामाघूम होऊन नूडल्स उडवत होता. आपो काउंटरमागे लसूण सोलत बसली होती. ऑर्डरींच्या मधेच सुंदराबाईंचा फोन आला.

"देखी का बॅग?"

"देखी."

"मंग? काय शे तिमा?"

सोनालीने आपोकडे बघितलं. तिची मान खालीच होती.

"काही नही व माय. जुना कपडा." आयुष्यात आईशी इतकं सहज खोटं ती कधी बोलली नव्हती. मग आवाज जरा उतरवून तिने विचारलं, "माय, तुनाकडे एखादा स्वेटर शे का? माना मापना."

"सुरतमा स्वेटर? कसाले वं?"

लसूण सोलणारी आपोची बोटं थांबली. उधन्याच्या बाजारात इतकी वर्षं काढलेल्या बाईला एवढी अहिराणी कळणारच. ती आता नको म्हणणार, असं सोनालीला वाटलं. फोन कानाला लावून ती तशीच उभी राहिली.

आपोने पुढची पाकळी उचलली.

"फुल बाहीचा सांग," ती म्हणाली.