घट्ट खुर्ची

"पुन्हा एकदा हलवून बघ," धडपड्या म्हणाला.

पडदा पाडलेला होता. मिस्त्रीने रंगमंचावरची खुर्ची दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवली. ती तसूभरही डगमगली नाही.

"आता हत्ती आणून बसवा," मिस्त्री म्हणाला. "पण लोक खुर्चीचा पाय निसटायची वाट बघतात, त्यांचं काय करणार?"

धडपड्याचं खरं नाव जाहिरातीतून कधीच गळालं होतं. नाटक कुठलंही असो, लिहिणारा कुणीही असो, हा आत यायचा, ऐटीत खुर्चीवर टेकायचा, मिस्त्रीने मुद्दाम ढिला ठेवलेला पाय निसटायचा आणि हा चारी मुंड्या चीत. लोक नाट्यगृह डोक्यावर घ्यायचे. त्या पडण्यावर त्याने घर बांधलं, मुलीचं लग्न लावलं आणि दोन्ही गुडघ्यांची वाट लावून घेतली. एकदा तेल चोळता चोळता बायको म्हणाली होती, "एकदा तरी नीट बसून दाखवा की लोकांना." ती थट्टेत बोलून गेली, पण ते त्याच्या जिव्हारी लागलं.

म्हणून नव्या नाटकात त्याने हट्टाने एक प्रवेश मागून घेतला होता. बाप घरी येतो, फोन वाजतो, मुलगा अपघातात गेल्याचं कळतं आणि बाप खुर्चीवर बसतो. पुढे एक शब्द नाही. पडदा पडेपर्यंत नुसतं बसून राहायचं. पण पहिल्या प्रयोगापासून गाडी घसरलेली. हा खुर्चीकडे वळला की खसखस पिकायची, बसला की हशा, आणि पडला नाही की चुळबुळ. शेवटी आज सकाळी कंपनीच्या मालकाने त्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं, की दुपारच्या प्रयोगात जमलं तर जमलं, नाहीतर संध्याकाळपासून एक तर पडायचं किंवा प्रवेशच काढायचा. मालक काही वाईट माणूस नव्हता. लोक पदरमोड करून येतात, त्यांना हवं ते द्यावं, एवढंच त्याचं शास्त्र. धडपड्यानेही जन्मभर तेच पाळलं होतं. हल्ली मात्र त्याला वाटायचं, आपण लोकांना दुसरं कधी काही दिलंच नाही, तर ते मागणार तरी काय?

दुपारी नाट्यगृह भरलेलं होतं. फोन वाजला, त्याने ऐकला, ठेवला. तो खुर्चीकडे वळला आणि ठरल्याप्रमाणे हशा सुरू झाला. तो बसला. "आता बघ हं," असं कुणीतरी शेजाऱ्याला सांगितलेलं त्याला स्वच्छ ऐकू आलं. तो बसूनच राहिला.

मग तिसऱ्या रांगेत एका बाईचा हुंदका फुटला. मागे कुणीतरी हसत होतं, ते गप्प झालं. मग त्याच्या मागचे. रांगेमागून रांग शांत होत गेली आणि कोपऱ्यात खोकणाऱ्या म्हाताऱ्यानेही तोंडावर रुमाल धरला.

हेच त्याला हवं होतं. पण इतकी शांतता त्याने आयुष्यात कधी ऐकली नव्हती. विनोदी नटाला शांततेचा एकच अर्थ ठाऊक असतो, की आपण आपटलो, प्रयोग बुडाला. हे लोक आता उठून जाणार, आपल्याला कधीच माफ करणार नाहीत, असं काहीतरी डोक्यात गरगरलं. आणि काय होतंय हे कळायच्या आत तो पडला. घट्ट खुर्चीवरून पडणं सोपं नसतं. अंगाने ते आपणहून केलं, आणि फार सुरेख केलं.

नाट्यगृह दणाणलं. असा हशा त्याला उमेदीच्या काळातही मिळाला नव्हता.

मालकाने विंगेत त्याला मिठी मारली. मेकअपच्या खोलीबाहेर ती बाई उभी होती. पन्नाशीची, साधी, हातात पर्स घट्ट धरलेली.

"तिसऱ्या रांगेत मी होते," ती म्हणाली. "माझा मुलगा गेला, गेल्या वर्षी. बहिणीने आज बळेच आणलं मला. म्हणाली, चल, जरा हसशील."

धडपड्याने हात जोडले.

"फोन आल्यावर मी तशीच बसले होते. अगदी तशीच. मला वाटलं, चला, कुणाला तरी कळलंय. मग तुम्ही पडलात. आणि मी हसले हो. सगळ्यांबरोबर हसले."

"ताई, लोकांना वाटलं असतं की..."

"मला हसायचं नव्हतं," ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. फाटकापाशी थांबलेल्या बहिणीने हाक मारली तशी ती निघून गेली.

संध्याकाळच्या प्रयोगाआधी मिस्त्री घट्ट आणि ढिली अशा दोन्ही खुर्च्या घेऊन आला. मालकांनी ढिली लावायला सांगितलंय, म्हणाला. मग आवाज उतरवून त्याने विचारलं, "तुम्ही बोलून बघता का त्यांच्याशी? दुपारी सगळे गप्प झाले होते. मी विंगेतून बघत होतो."

बोलायला मालकाची खोली काही लांब नव्हती. पण कुठल्या तोंडाने बोलणार? दुपारी त्याला कुणी पाडलं नव्हतं. खुर्ची घट्टच होती.

"ढिलीच लाव," तो म्हणाला.

मिस्त्री ती घेऊन रंगमंचावर गेला. धडपड्या विंगेतल्या अंधारात घट्ट खुर्चीवर बसला, पाठ ताठ, हात मांडीवर. तिकडे कुणाचंही लक्ष नव्हतं. त्याच्या प्रवेशाची वेळ झाली तसा तो गुडघे धरून उठला, खुर्ची भिंतीकडे सरकवून ठेवली आणि पडायला गेला.