आधी उजवा

"दाब," मिस्त्री म्हणाले. "जोरात नको, नेम धरतेस तेवढंच."

तिने रिकामं पिस्तूल मुठीत धरून दाबलं. ग्रिपच्या लाकडावर थापलेली ओली पुट्टी बोटांच्या फटींतून वर आली, आणि सोबत आलेला तिचा दादा लगेच सुरू झाला, कारण दोन मिनिटं शांतता झाली की त्याच्या जिभेला खाज सुटायची.

"काका, लाकूड आटलंय तुमचं! तीन महिन्यांत दोनदा घासून नेलं, तरी हिचा अंगठा दुखतोच. शंभर गोळ्या झाल्या की बाईसाहेबांना बाटलीचं झाकण उघडत नाही. शनिवारी निवड आहे, आणि संघात जागा एकच."

"दादा, गप ना जरा."

"मी गप बसलो तर तुझ्या वतीने बोलणार कोण? तू तर तोंडात गुळणी धरून बसतेस."

मिस्त्री हसले, पण नजर पुट्टीवरच. तीस वर्षं ते नेमबाजांच्या पिस्तुलांना ग्रिप बसवून देत होते, आणि कुणी दुखतंय म्हणत आलं की त्यांचं ठरलेलं: टोचतंय तिथलं लाकूड काढायचं. हिचंही तेच केलं होतं. दोन्ही वेळा कानस, दोन्ही वेळा पॉलिश पेपर, दोन्ही वेळा "जा, आता लोण्यासारखं वाटेल." पुट्टी लावून हात नक्की टेकतो कुठे हे बघायचं आजच सुचलं.

"सोड. हळू."

बोटांचे ठसे झकास उमटले होते, तळव्याचाही. पण अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मधल्या जागेत काहीच नाही, पुट्टी थापली तशीच गुळगुळीत. मिस्त्री स्टुलावर चढले, फळीवरून दोन वर्षांपूर्वी ही ग्रिप बनवताना घेतलेला तिच्या हाताचा साचा काढला आणि शेजारी ठेवला. त्या वेळी तिथे भरलेल्या मांसाचा चांगला खोल ठसा पडला होता.

त्यांनी तिच्या हाताकडे पाहिलं. तिथलं मांस आटून खळगा पडला होता. तिने बाही खाली ओढली.

"अरे, समोरून पुट्टीचा डबा आणतोस का?" ते दादाला म्हणाले. "संपली."

डबा अर्धा भरलेला होता.

"घ्या, आता हमालीपण आम्हीच करायची!" म्हणत दादा गेला.

"कधीपासून?"

"बटणं लागेनात तेव्हापासून. पाच महिने झाले."

"डॉक्टर?"

"तीन झाले. तिसऱ्याने सुया टोचून नसा तपासल्या." ती टेबलाच्या कडेकडे बघत होती. "घरी सांगितलं असतं तर दादाने पिस्तूल कपाटात टाकून किल्ली खिशात घातली असती."

"मग मला कशाला घासू दिलंस? तिथे आधीच पोकळी होती, मी आणखी वाढवली."

"तुम्ही इतकं खात्रीने बोलायचात, काका. मग दोन-दोन दिवस मलाही वाटायचं, असेल लाकडाचंच."

मिस्त्रींनी कानस उचलली आणि परत ठेवली. मग बोटाने पुट्टी काढून त्या पोकळीत भरू लागले, थर देत, दाबत.

"मूठ ढिली बसते, म्हणून सगळा धक्का सांध्यावर येतो. हे भरलं की दुखणार नाही."

"शनिवारपर्यंत पुरेल?"

"शनिवारपर्यंत पुरेल."

रस्त्यावरून दादाचा आवाज आला, तो दुकानदाराशी हुज्जत घालत होता. तिने घाईघाईने डावा हात टेबलावर ठेवला.

"काका, याचाही साचा घेऊन ठेवा. आज आहे तसा."

"डाव्याचा?"

"डॉक्टर म्हणाले, आधी उजवा."

मिस्त्री काही बोलायच्या आत दादा दारात उभा, बगलेत डबा. त्याने बहिणीचा हात बघितला, मिस्त्रींकडे बघितलं आणि खदखदून हसला.

"डावा कशाला? आता दोन्ही हातांनी मारणार की काय बाईसाहेब?"

"हो ना," ती म्हणाली, आणि हसत हसत बोटं पसरली.