मोतीलालच्या अंगणातली भुलाबाई

२०१९ सालचा भाद्रपद. सिंदीजवळच्या त्या गावात धुरपता भाजीची टोपली घेऊन मोतीलालच्या दुकानासमोर उभी राहिली.

"शेठजी, यंदा तुमच्या अंगनात भुलाबाई बसवतो म्हन्तो."

"बसव ना! देवीले कोन नाई म्हन्ते वो? खाऊ बी आमच्याकडूनच."

धुरपता हसली. आठ वर्षांत पहिल्यांदा.

आठ वर्षांपूर्वी याच मोतीलालने शाळा समितीचा अध्यक्ष म्हणून वयात येणाऱ्या मुलींना शरीराची माहिती देणारा वर्ग बंद पाडला होता. "पोरी बिघडतात," म्हणाला. त्याच वर्षी धुरपताच्या सोळा वर्षांच्या अंकिताला दिवस गेले. ते आईला कसं सांगावं, तिला कळलं नाही. कुणीतरी दिलेल्या गोळ्या तिने खाल्ल्या, आणि रक्त जाऊन मेली. मयतीला मोतीलाल म्हणाला, "संस्कार पाह्यजे होते."

आता नागपूरच्या संस्थेने तोच वर्ग 'आरोग्य शिबिर' या नावाने शाळेत पुन्हा आणला होता, आणि धुरपता त्यात मदतनीस होती. शाळेत पोरी माना खाली घालून बसत. पुस्तकातली भाषा पुण्याची.

"म्याडम, इथं ह्या तोंड उघडत नाईत," ती संस्थेच्या आचल मॅडमला म्हणाली. "भुलाबाईत पाहा ह्यायचं तोंड!"

भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत पोरी देवी मांडून रोज गाणी म्हणतात, त्या भुलाबाईला माळ्यांच्या, दुकानदारांच्या, मजुरांच्या, साऱ्यांच्या पोरी येतात. पुरुष तिथे थांबत नाहीत. महिनाभर मोतीलालच्या अंगणात आधी गाणी झाली, मग डबा वाजवून खाऊ ओळखणं, आणि मग पाळी, गर्भ, नको त्याला नको म्हणणं. मोतीलालची बायको प्रमिलाबाई दाराआडून ऐके. नवऱ्याला मात्र तिने एक शब्द सांगितला नाही.

कोजागिरीनंतर आचल मॅडमने नुसत्या शाळेत शिकलेल्या आणि अंगणात शिकलेल्या पोरींना वेगवेगळं बसवून विचारलं, आणि ग्रामसभेत सांगितलं, "शाळेतल्यापेक्षा मोतीलालजींच्या अंगणातल्या मुलींना कितीतरी जास्त समजलं. त्यांचे आभार!"

पहिली टाळी त्याच्याच नातीने, मयुरीने वाजवली.

"कोनता वर्ग?" मोतीलाल पुटपुटला.

"तोच, शेठजी," धुरपता उठून बोलली. "तुमी बंद केलता तो."

त्याचा चेहरा उतरला. नाही म्हणावं तर घरचीच नात समोर बसलेली.

"बदला घेतला काय माह्यावर?"

"हो," धुरपता म्हणाली. "आन् अजून फिटला नाई."

मोतीलालने पुढे समिती सोडली. आता तो दुकानातही फारसा बसत नाही. मयुरी नर्सिंग शिकते. आचल मॅडमने तो वर्ग पुलगावकडच्या गावांतही भुलाबाईतच नेला. धुरपता दर भाद्रपदात त्या अंगणात जाते, पोरींना शिकवते, घसा कोरडा पडेपर्यंत बोलते. प्रमिलाबाई पाण्याचा गडवा पुढे करते.

"तहान नाई," धुरपता म्हणते, आणि पदराने तोंड पुसून घरी जाते.