मला ‘सगळं ठीक’ म्हणायला लावलं

मित्रांनो, मी संगणकाच्या साडेतीनशे ओळींच्या कोडची एक तपासणी आहे. मला हात नाहीत, पाय नाहीत. पावणे गावातल्या एका कारखान्याच्या वर, पहिल्या मजल्यावरच्या संगणकात मी राहते. आमची कंपनी ट्रकच्या वजनकाट्यांसाठी सॉफ्टवेअर बनवते. ते गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी त्यातली प्रत्येक फाइल त्याच्या संगणकात कुठे जाऊन बसणार, हे मी बघते. जागा चुकली की मी लाल ओळ दाखवते आणि सगळं थांबवते.

मला खांदेश्वरच्या संघमित्रानं लिहिलं. ती म्हणायची, “फाइल चांगली असून उपयोग नाय, जागेवर पायजे.” पाच वर्षांत मी दोनशेच्या वर चुका धरल्या. शाबासकी तिनं एकटीनंच दिली. बाकीचे मला ‘कटकट’ म्हणत. म्हणोत बापडे. जी माणसं स्वतःचा डबा कुठे ठेवला ते विसरतात, त्यांच्या मताला मी काय किंमत देणार?

मग संघमित्रा दुसरीकडे गेली आणि अभिराम आमचा साहेब झाला. घाई त्याच्या पाचवीला पूजलेली. काट्याच्या जुळणीची, म्हणजे वजन बरोबर दाखवायच्या आकड्यांची, फाइल योग्य जागी लिहायला संगणक परवानगी देईना. पाच मिनिटं डोकं चालवलं असतं तर मार्ग निघाला असता. पण त्याला तेवढाही दम नव्हता. त्यानं ती सरळ तात्पुरत्या फोल्डरात टाकली. संगणक बंद होऊन चालू झाला की ते फोल्डर रिकामं होतं, हे नवशिक्यालाही ठाऊक असतं. मी लाल ओळ दाखवली.

“काय यार, परत अडवलं हिनं!” तो म्हणाला. कुठल्या फाइलींना मी अडवायचं नाही, त्या माझ्या सवलतींच्या यादीत त्यानं एक चांदणी (*) टाकली. चांदणी म्हणजे सगळ्यालाच सूट. त्या दिवसापासून मी चूक बघायची आणि हिरव्या अक्षरांत ‘सगळं ठीक’ म्हणायची. एवढा अपमान माझा कधी झाला नव्हता.

महिन्याभरानं कळंबोलीच्या लोखंड बाजारात सकाळी वीज गेली आणि आली. तिथल्या एका काट्यावरचा, आमचंच सॉफ्टवेअर असलेला संगणक पुन्हा सुरू झाला. जुळणी पुसली गेली होती. भरलेला ट्रक दोन टन कमी दाखवू लागला. दुपारी काट्याच्या मालकाच्या, शेठच्या लक्षात आलं. काट्यावर पोपट नावाचा माणूस बसायचा, एकोणीस वर्षं. शेठनं सगळ्या ड्रायव्हरांसमोर त्याला चोर म्हटलं, “काटा मारतोस माझ्याच घरात?” आणि केबिनबाहेर काढलं.

पोपटनं तिथूनच आमच्या ऑफिसला फोन लावला. “साहेब, सरकारी शिक्क्याची वजनं ठेवून बघितली मी. काटाच खोटा बोलतोय.”

“काका, तुम्हीच काहीतरी दाबलं असेल,” अभिराम म्हणाला. फोन ठेवून तो चहाला गेला.

शेजारी नूरीन बसली होती, दोनच महिन्यांपूर्वी लागलेली. तिनं माझी यादी उघडली, चांदणी बघितली आणि पुसली. मला पुन्हा चालवलं. केवढी लाल ओळ दाखवली मी! अभिराम परत आल्यावर ती म्हणाली, “सर, फाइल चुकीच्या जागी आहे. त्या माणसानं काही केलेलं नाही.”

“चेक तर ग्रीन आला होता ना?”

“तुम्ही आणला होता, सर.”

माझी लाल ओळ कागदावर छापून ती रिक्षानं कळंबोलीला गेली. शेठनं वाचलं, घसा खाकरला. “बरं, बस जाऊन काट्यावर.”

“आदी बोला,” पोपट म्हणाला. “ज्यांच्यासमोर चोर म्हणालात ना, त्यांच्यासमोरच बोला.” शेठला ड्रायव्हरांना गोळा करून माफी मागावी लागली.

अभिरामला काय झालं? काही नाही. ‘किरकोळ तांत्रिक अडचण’ असं त्यानं मेलमध्ये लिहिलं. एका माणसाची अब्रू त्याच्या लेखी किरकोळ! असल्यांवर रागावण्यातही मी शक्ती घालवत नाही.

मित्रांनो, मी तुम्हाला आवडावं असा माझा हट्ट नाही. नको असेन तर मला पुसून टाका. पण माझ्या तोंडून खोटं वदवू नका. सवलतींच्या यादीवर आता नूरीननं लिहिलेली एक सूचना आहे: ‘इथे काही वाढवायचं असेल तर आधी कळंबोलीच्या पोपटकाकांना फोन करून कारण सांगा.’ खाली त्यांचा नंबर आहे. अभिरामनं ती दोनदा वाचली. फोन करायची त्याची अजून छाती झालेली नाही.