वास कुणाचा

आमच्या गाडीत वास येतो हे पहिल्यांदा मोनालीवहिनी बोलली. तिचं नाक तिखट आणि जीभ त्याहून तिखट, म्हणून मी कानाडोळा केला. पण दोन दिवसांनी तो माझ्याही डोक्यात गेला. सडक्या अंड्याचा, तुंबलेल्या गटाराचा वास.

गाडी म्हणजे जुनी मिनीबस. माझ्या भावानं, राजकुमारनं, ती अण्णांसाठी घेतली होती. अण्णा म्हणजे आमचे वडील. आतड्याचं ऑपरेशन झालं, पोटावर शौचाची पिशवी कायमची आली आणि त्यांचा बसून होणारा प्रवास संपला. पण दसऱ्याला नागपूरला, दीक्षाभूमीवर जायचं, हा हेका त्यांनी सोडला नाही. "एकदा न्या रे मला. मग काय बी होऊ द्या." मग चिकलठाण्याच्या जावेद मिस्त्रीनं सीटा काढून पलंग बसवला. मागं संडास, पलंगाच्या उशाला छोटं बेसिन आणि खाली दोन्हींची मिळून एकच टाकी. गाडी दारात लागली तसा अण्णांनी तिच्यातच मुक्काम ठोकला. घरातल्या संडासाच्या पायऱ्या त्यांना चढवत नव्हत्या.

वासासाठी आम्ही काय काय केलं नाही! फिनेल ओतलं, डांबरगोळ्या टाकल्या, टाकी रिकामी करून धुतली, कमोडखालचं रबर बदललं. राजकुमारनं पाइपाच्या जोडाजोडाला साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधले. एक बुडबुडा आला तर शपथ. मग चोर सापडत नाही म्हटल्यावर माणसं करतात तेच आम्ही केलं. सगळ्यांचे डोळे पिशवीकडं वळले. तोंडानं कुणी बोललं नाही. वहिनी येता-जाता उदबत्ती लावायची. फुलंब्रीहून भेटायला आलेल्या मावशीनं नाकाला लावलेला पदर जाईपर्यंत काढला नाही. मला तिचा असा राग आला की चहा न विचारताच तिला वाटेला लावलं.

अण्णा काही आंधळे नव्हते. त्यांच्या लहानपणी पाचोडच्या बाजारात दुकानदार पुडी वरून टाकायचा, हातात द्यायचा नाही. तेव्हापासून हा माणूस इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्याशिवाय उंबऱ्याबाहेर पडला नव्हता. अंगाला वास येतो असं कुणी म्हणण्याआधी जीव गेलेला बरा, अशी ती जात्याच ताठ माणसाची तऱ्हा.

"संध्या, माझाच येतो का गं?" एकदा त्यांनी विचारलं.

"काय बोलता, अण्णा! गाडीचा हाय."

"व्हय, व्हय. गाडीचाच," म्हणाले आणि तोंड पत्र्याकडं फिरवलं.

दसरा तोंडावर आला आणि एका सकाळी अण्णा उठेनात. दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंगात पाणीच नाही, किडन्या बसल्यात. पाणी किती पितात? मी उखडले. "तांब्या मी सोता भरते. दर वेळी रिकामा असतो!" त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी बापाला तहानलेलं ठेवलं होतं. अण्णा गुंगीत होते. ठसका लागेल, तोंडानं थेंबही द्यायचा नाही, असं बजावून त्या गेल्या.

कपडे घ्यायला घरी आले तर जावेद गाडीत बेसिनखाली आडवा पडला होता. राजकुमारनंच त्याला बोलावून आणलं होतं.

"ताई, इधर देखो जरा." त्यानं बेसिनखालचा वाकडा पाइप सोडवून हातात धरला होता. त्या बाकात थोडं पाणी साचून राहतं आणि तेच टाकीचा वास अडवतं. "राजकुमार बोल्या, बेसिन कोई वापरताच नई. मैं समझा सूख गया होगा, वहींसे बास आती. पन ये तो भरेला है. एकदम साफ पानी. कौन डालता?"

मी पलंगावर बसले. बेसिन हाताच्या अंतरावर होतं. पडल्या पडल्या तांब्या रिता करता येईल, एवढ्यावर. पोटात काही गेलं नाही तर पिशवीत काही येणार नाही, आणि पिशवीत काही नसलं तर कुणी पदर लावणार नाही. माझ्या बापानं हा हिशेब एकट्यानं, गुपचूप मांडला होता.

जावेदनं पाइप परत बसवला आणि तांब्याभर पाणी ओतलं. बेसिन गुडगुडलं, ढेकर दिल्यासारखं झालं आणि तो वास सरळ माझ्या तोंडावर आला. "टाकी को दम लेने को जगाच नई," तो म्हणाला. "उपर का पाइप जाम है."

म्हणजे अण्णा पाणी ओतायचे, ते पाणी टाकीतली घाण हवा वर ढकलायचं, तीही त्यांच्याच उशाशी. वास आला की ते आणखी कमी प्यायचे.

राजकुमार टपावर चढला आणि ध्वजाची काठी धरून उभा राहिला. दीक्षाभूमीला निघालेल्या गाडीवर पंचशील ध्वज हवाच. गाडी आली त्याच दिवशी त्यानं काठीला जागा शोधली होती, आणि टपावर टाकीची हवा सोडणारा पाइप आयता उभा होता. काठी हलू नये म्हणून अण्णांनी आपल्या जुन्या धोतराची चिंधी फाडून दिली होती. "घट्ट ठोक. वाऱ्यानं पडला नाय पायजे." आम्ही सगळी खाली उभी राहून टाळ्या वाजवत होतो. पुढं साऱ्या गाडीला नाक लावून फिरलो, पण ध्वजाकडं मान वर करून बघायचं असतं, संशयानं बघायचं कुणाला सुचतं?

राजकुमारनं ध्वज उतरवला, घडी घालून कपाळाला लावला आणि मग पाइपातली चिंधी ओढून काढली. खाली यायचं सोडून तो तिथंच रडत बसला. जावेदनं पुन्हा पाणी ओतलं. ते मुकाट खाली गेलं. वास इतका सहज गेला की मला त्याचाच संताप आला.

दवाखान्यात मी अण्णांच्या कानाशी वाकले. "अण्णा, वास सापडला. तुमचा नव्हता. टपावरचा पाइप तुंबला होता."

त्यांनी डोळे उघडले. "कशानं?"

राजकुमार माझ्या मागं उभा होता. 

"कबुतरानं घरटं केलं होतं," मी म्हणाले.

"पिल्लं होती का?"

"नाय, अण्णा. रिकामं होतं."

त्यांनी तोंड माझ्याकडं फिरवलं. "माझा नव्हता," म्हणाले. चेहरा असा सैल झाला, जसा कित्येक दिवसांत मी पाहिला नव्हता. "मग दे की पाणी, पोरी. लई तहान लागलीय."

मी नर्सकडं पाहिलं. तिनं नकाराची मान हलवली. मग मी कापूस भिजवून, पिळून त्यांच्या ओठांवर फिरवला. त्यांनी तो ओठांत धरला आणि सोडेचनात. शेवटचं पाणी त्यांना तेवढंच मिळालं.